अकरा आठवड्यांचं झाकण

शुक्रवारी चार वाजता पालिकेच्या पोर्टलवरच्या तक्रारी बंद करायच्या, हे हेमाला साहेबांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. सात दिवसांत न सुटलेली तक्रार पडद्यावर लाल होते, आणि लाल दिसलं की आढावा बैठकीत हिंमतराव साहेबांचा चेहराही त्याच रंगाचा होतो. म्हणून काम झालेलं असो वा नसो, "निराकरण झाले" असं टाकायचं आणि मोकळं व्हायचं.

सोमवारी तीच तक्रार नव्या नंबरने पुन्हा उघडणं मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिचं स्वतःचं. बाकीचे बंद करून विसरून जात. आपण निदान माणसाला वाऱ्यावर सोडत नाही, याचा तिला मनातून थोडा अभिमानच होता. सगळे नंबर ती जुन्या डायरीत लिहून ठेवी. सर्वांत लांब रांग रंगनाथ मास्तरांची होती. घरासमोरच्या ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण फुटलेलं, एवढंच त्यांचं म्हणणं.

मास्तर दर सोमवारी अकराला फोन करीत.

"काय हेमाताई, झाकण आलं? की माप घ्यायला शिंपी यायचाय अजून?"

"ठेका संपलाय मास्तर. नवा निघाला की पहिलं तुमचंच."

"निघू द्या, सावकाश निघू द्या. माझं काय, शुक्रवारी निराकरण होतं, सोमवारी पुनर्जन्म. तुमच्या कॉम्प्युटरने अध्यात्म बरं शिकवलं मला."

ती हसे. तेही हसत. चेंबरवर त्यांनी एक मोडकी लाकडी खुर्ची ठेवली होती आणि तिला बायकोच्या जुन्या लाल परकराचं फडकं बांधलं होतं. "ती असती तर परकर दिला नसता," असंही एकदा म्हणाले होते.

अकराव्या सोमवारनंतर त्यांचा फोन आला नाही. पुढच्या सोमवारी अकरा वाजून गेले, तेव्हा हेमाला वाटलं, गेले असतील लेकीकडे. मास्तर विसरले म्हणून आपण कशाला विसरायचं? तिने बारावा नंबर काढला आणि डायरीत लिहिला.

गुरुवारी लेक आली. प्रियदर्शनी. हातात मास्तरांचा फोन, डोळे कोरडे. साहेबांच्या केबिनमध्ये हेमाला बोलावलं गेलं.

गेल्या आठवड्यात मंगळवारी अतिक्रमण खात्याची गाडी आली होती, प्रियदर्शनी सांगत होती. रस्त्यात अडथळा म्हणून खुर्ची उचलून नेली. त्याला मात्र पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बुधवारी संध्याकाळी दूध घेऊन येताना बाबा चेंबरमध्ये पडले. शनिवारी गेले.



"फार वाईट झालं," साहेब म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी पाण्याचा ग्लासही पुढे केला. "पण रेकॉर्ड बघा ताई. तक्रार सोमवारची, अपघात बुधवारचा. मुदत सात दिवसांची असते. खात्याचा विलंब यात दिसत नाही."

"बाबा तीन महिने ओरडत होते."

"आधीच्या सगळ्या निकाली निघाल्यात. नोंद आहे तशी."

"हो, आहे ना." तिने फोन पुढे सरकवला. "शुक्रवारी आयसीयूत नळ्या लावलेल्या होत्या, तेव्हा हा मेसेज आला. तुमच्या तक्रारीचे निराकरण झाले, धन्यवाद. तेही असू दे. पण बाबा शनिवारी गेले. मग सोमवारी सव्वाअकराला त्यांनी नवी तक्रार केली कशी?"



"पोर्टलचा घोळ," साहेब म्हणाले, आणि हेमाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "असं होतं ना कधीकधी, हेमाबाई?"

हो म्हणायचं होतं फक्त. नोकरीची नऊ वर्षं उरली होती. हेमा उठून बाहेर गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या हातात डायरी होती.

"घोळ नाही. मी केली. सगळ्या मीच केल्या." तिने पान उघडून दिलं. "ही पहिली. अकरा आठवड्यांपूर्वीची."

प्रियदर्शनीने बोट ठेवत ठेवत सगळे नंबर वाचले. मग वर न बघताच विचारलं, "आणि बंदच केली नसती तर? तशीच लाल राहिली असती तर?"

"पंधरा दिवसांनी आपोआप वर गेली असती. थेट आयुक्तांच्या टेबलावर."

"म्हणजे तुम्ही दर आठवड्याला ती नवी करत गेलात, म्हणून ती कधी जुनी झालीच नाही."

हेमाला हे आजपर्यंत कधी सुचलंच नव्हतं. डायरी जपण्यात, नंबर लिहिण्यात, मास्तरांच्या विनोदांना हसण्यात इतकं साधं गणित राहून गेलं होतं.

"बाबा म्हणायचे," प्रियदर्शनी म्हणाली, "त्या ऑफिसात एकच बाई काम करते."

साहेबांनी घसा खाकरला. "हेमाबाई, डायरी हे काही शासकीय कागदपत्र नाही. नीट विचार करा."

हेमाने टेबलावरचा आवकचा शिक्का घेतला, शाईवर दाबला आणि डायरीच्या पानावर उठवला. खाली तारीख घातली, पूर्ण नाव लिहिलं, सही केली. सही जरा वाकडी आली.

"आता झालं," ती म्हणाली, आणि डायरी प्रियदर्शनीच्या हातात दिली.

प्रियदर्शनीने ती पर्समध्ये ठेवली. आभार मानले नाहीत.