मुखवट्याची आतली बाजू

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर या. नाटकगृहाच्या तळघरातली एक खोली. खिडकी नाही. भिंतीभर कागदी मुखवटे, आणि खळीच्या कुबट वासात मुखवटे करणारी बाई खोकतेय. सगळे तिला आत्या म्हणतात. समोर तणतणणाऱ्या चिऊची मात्र ती सख्खी आत्या.

"तुझा खोकला प्रेक्षकांना ऐकू जातो, म्हणून उद्यापासून तू नकोस म्हणे! अकरा वर्षं एक खिडकी मागतेयस, ती दिली नाही. आणि आज वर निरोप समारंभ! ढोंगी आहेत हे नाटकगृहाचे साहेब. नुसते नट!"

आत्याने ब्रश आपटला. "साहेबांना हवं ते म्हण. नटाला त्यांच्या पंगतीला बसवू नकोस."

"आमच्या शाळेतल्या बाईच म्हणाल्या, ग्रीक लोक ढोंग्याला हिपोक्रितेस म्हणायचे, आणि त्याचा अर्थ नट."

"त्याच्याही आधीचा नाही सांगितला? उत्तर देणारा! तिकडे म्हणे आधी सगळा मेळा मिळून गायचा. मग एकजण मुखवटा लावून पुढे आला आणि मेळ्याला उत्तर द्यायला लागला. तो नट. ढोंगी हा अर्थ मागाहून चिकटला. अगं, खेळ संपला की नट मुखवटा काढतो, घामेजलं तोंड दाखवतो. हे मेले जेवतानासुद्धा काढत नाहीत!"

पुढचं खोकल्यात बुडालं. वर घंटा झाली.

रंगमंचावर साहेब गहिवरल्या सुरात बोलत होते. "आत्या म्हणजे या घराची आई! आम्ही त्यांना फुलासारखं जपलं." त्यांच्या हातात गुच्छ होता. शेजारी चिऊ, आत्याने केलेला शेवटचा, हसरा मुखवटा लावून. सकाळी साहेबांनीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं.

"सांग पोरी, आत्याला इथे कधी काही कमी पडलं का?"

"नाही, साहेब," एवढंच चिऊने म्हणायचं होतं.

पहिल्या रांगेत आत्या तोंडावर रुमाल दाबून खोकला गिळत होती. आजही, स्वतःच्या समारंभात.

चिऊने डोक्यामागची गाठ सोडली. मुखवटा काढून साहेबांच्या गुच्छावर आतली बाजू वर करून ठेवला. मग घामेजल्या तोंडाने ती सभागृहाकडे वळली आणि तिने उत्तर दिलं,

"खिडकी."