फुलीचा अजगर

मयूरी, मधे बोलू नको, फक्त ऐक.

मी रविवारी म्हसावदच्या बाहेर शिकवायला जाते ना, ऊसतोडवाल्यांच्या खोप्यांवर? झाडं, पक्षी, पाणी, असलं काहीबाही. मागच्या वेळी साप घेतले. अजगराचा फोटो दाखवला, म्हटलं, हा विषारी नसतो, दिसला तर मारायचा नाही.

आज पोहोचते तर फुली पळत आली. एवढुशी पोरगी. कडेवर खताची गोणी, लेकरू घेतात तशी.

"ताई, अजगर आनला! केळीच्या पाल्यात होता. बा मारत होता, मी नाय मारू दिला!"

गोणीतून आवाज आला गं, कुकरची वाफ सुटावी तसा. मी वरून डोकावले. पाठीवर साखळीसारखे ठिपके. घोणस! ठिपके तर अजगरालाही असतात, तिला काय कळणार? घोणस मी दाखवलीच नव्हती.

ओरडले असते तर तिनं गोणी पोटाशी आवळली असती. म्हणून हसले. खरंच, हसले! "झोपलाय तो. हळूच खाली ठेव, बाळा." ठेवली. मी झटकन शेजारचं घमेलं वरून पालथं घातलं न् मग किंचाळले, "घोणस आहे! लांब व्हा सगळे!"

तिचा बा, वाहरूदादा, काठी घेऊनच आले. तर ही पोरगी जाऊन घमेल्यावर बसली!

"तूच म्हनली ना, मारायचा नाय!"

खाली जमीन उंचसखल. घमेलं डुगडुगतंय, एका बाजूनं फट, आणि हिचे उघडे पाय तिथंच. वाहरूदादा जागच्या जागी थिजले. सर्पमित्राला फोन लावला, तर तो नंदुरबारला.

"नाही मारणार गं," मी म्हटलं. "तुझी शपथ. ये माझ्याकडे."

आली. गळ्यातच पडली. आणि तेवढ्यात फटीतून तोंड बाहेर आलं, चपटं, तिकोनी. मागं सगळी पोरं अनवाणी. वाहरूदादांची काठी वर, नजर माझ्याकडे.

मी होकाराची मान हलवली.

फुलीनं काठीचा आवाज ऐकला. रडली नाही. नुसते माझे हात सोडवले, घमेल्यापाशी जाऊन बसली. मी निघाले तरी वळून बघितलं नाही तिनं.

सांग ना मयूरी, तू असतीस तर काय केलं असतं?