घाऊक सासरा

जर्मनीच्या कील बंदरात लेफ्टनंट डेटलेफ पाउल्सेनचं नाव चांगलं होतं. सोळाव्या वर्षी आरमारात शिरला, डोलकाठीवरून दोनदा पडला आणि दोन्ही वेळा वाचला, झांझिबारचा ताप अंगावर काढला, चीनच्या समुद्रातलं वादळ पचवलं. कशाला म्हणून डगमगला नाही. आणि आता तिशीला टेकल्यावर गडी पार गळून गेला होता, कारण त्याला लग्न करायचं होतं.

मुलगी समोरच्या काठावरची, एलरबेकची. विबके श्टूर. बापाची मासळी धुरावण्याची भट्टी होती. बोटभर लांबीचे सोनेरी स्प्रॉट, डोक्याशेपटीसकट तोंडात टाकावेत असे. पण अधिकाऱ्याला नुसती मुलगी पसंत पडून भागत नाही. बर्लिनहून परवानगी लागते, आणि त्याआधी जहाजाचा कप्तान सासऱ्याचं घर पाहून येतो. सासरा घाऊक व्यापारी असला तर चालतो. तोच गल्ल्यावर उभा राहून शेजारणीला अर्धा पौंड मासळी तोलून देत असला, की संपलं! मग मुलगी तरी सोडा, नाहीतर गणवेश तरी उतरवा. कुणाच्या सुपीक डोक्यातून हा नियम निघाला देव जाणे. मासळीचा वास तर दोघांच्याही हाताला सारखाच येतो.

डेटलेफला दोन्ही सोडवत नव्हतं. जहाजाखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि विबकेखेरीज दुसरं काही सुचत नव्हतं. आणि सासरा योखिम श्टूर तर जन्माचा किरकोळ!

"जावईबापू, माझ्या आज्याचा तराजू आहे हा," कप्तान यायच्या दिवशी म्हातारा कुरकुरला. "आज्याला माळ्यावर टाकू होय?"

"आज्याला नको बाबा, तराजूला टाका," विबके म्हणाली. "आणि कुणी सुटं मागितलं तर सरळ नाही म्हणायचं. जमेल ना?"

"दारात आलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणू? जीभ झडेल की माझी!"

कप्तान फॉन ब्राकविट्झ ठरल्या वेळी आले. माणूस असा, की चुकून हसला तर जहाजावर आठवडाभर चर्चा व्हायची. नेमकी तेव्हाच भट्टीतून ताजी मासळी निघत होती. कप्तानांनी भिंती पाहिल्या, छत पाहिलं, मग मासळी पाहिली आणि नजर तिथंच अडकली.

"अर्धा पौंड द्या."

म्हाताऱ्याचा हात सवयीनं पुढं गेला. विबकेनं बापाच्या पायावर पाय दिला.

"आम्ही... सुटं विकत नाही, साहेब," म्हातारा रडवेला होऊन म्हणाला.

"बरं. मग चवीला चार द्या."

"फुकट दिले तर लाच होईल, साहेब," विबके घाईघाईनं म्हणाली.

"हो ना," म्हाताऱ्यानं उसासा टाकला. "आणि आज काय झकास उतरलेत हो!"

कप्तानांची मान लाल होत चालली. डेटलेफ मनात म्हणाला, विकले तरी मेलो, नाही विकले तरी मेलो.

"घाऊक म्हणजे किती?" कप्तानांनी विचारलं.

"गाडीभर," म्हातारा सुचेल ते बोलून गेला.

"मग गाडीभर पाठवा." टोपी घातली आणि कप्तान चालते झाले.

आता, धुरावलेला स्प्रॉट म्हणजे काही लोणचं नव्हे, वर्षभर टिकायला. कप्तानांच्या खोलीत पेट्यांची थप्पी लागली आणि वास पार डोलकाठीपर्यंत चढला. दोनच दिवसांत डेटलेफला बोलावणं आलं. काय तो निकाल लागू दे एकदा, म्हणत तो गेला, तर दारात अधिकाऱ्यांची ही रांग! आत टेबलामागं कप्तान बाह्या सरसावून, जहाजाच्या डॉक्टरांच्या औषधाच्या तराजूत मासळी तोलत होते.

"वर एक टाका की, साहेब," एक लेफ्टनंट म्हणाला.

"इथं घासाघीस चालत नाही," कप्तान म्हणाले आणि वर दोन टाकले.

मग त्यांना डेटलेफ दिसला. हात पुसायला फडकं सापडेना, तेव्हा तेलकट बोटांनीच त्यांनी त्याचा अर्ज ओढला. त्यावर 'सासरा घाऊक व्यापारी' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

"साहेब," डेटलेफ म्हणाला, "मला खरं सांगायचंय. माझे सासरे..."

"गप्प बसा! माझी बायको दर शनिवारी त्यांच्याकडूनच अर्धा पौंड आणते."

"मग ही गाडीभर?"

"मी आयुष्यात खोटा शेरा लिहिला नाही, पाउल्सेन. त्यांनी मला घाऊक विकल्याशिवाय हे कसं लिहिणार होतो?"

डेटलेफचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत या माणसाला आपण दगड समजत आलो, याची त्याला लाज वाटली. आभाराचे शब्द जुळवत तो तसाच उभा राहिला.

"आता काही घेणार आहात, की नुसतेच उभे राहणार?" कप्तान खेकसले. "मागं डॉक्टर खोळंबलेत."