पडद्यापुढची खुर्ची

तार सोमवारी आली. बोरी अरबच्या पोस्टातला माणूस तांड्यावर सायकलवरून उतरला आणि त्याच्या हातातला कागद पाहून माझ्या सासूबाईंनी, सुखीबाईंनी, अंगणातच बसकण मारली. आमच्याकडे तार म्हणजे मरण, हे ठरलेलं. तारेने आजवर कोणी पेढे पाठवले नव्हते.

मरण नव्हतं, पण फार दूरही नव्हतं. मुंबईच्या दवाखान्यात माझ्या सासऱ्यांच्या, हिरासिंगांच्या पोटातली गाठ काढायची होती. ती पुढच्या आठवड्याऐवजी उद्या मंगळवारीच काढणार होते. प्रकृती नाजूक आहे, दोघी बुधवारच्या विमानाने या, असं तारेत होतं. तार माझ्या नवऱ्याची, भावसिंगची. आमच्यात नवऱ्याला नावाने हाक मारत नाहीत, पण लिहायला काय हरकत आहे? ते मुंबईत एका साहेबाची मोटार चालवायचे. साहेब दिलदार होता. त्याने स्वतःच दोन तिकिटं काढून आपल्या नागपूरच्या हापिसात ठेवली होती. आगगाडीने गेलो असतो तर एक रात्र जास्त लागली असती, आणि त्या एका रात्रीचा भरवसा डॉक्टरही देत नव्हता.

बासष्ट सालचा तो उन्हाळा. आमच्या अख्ख्या तांड्यात विमान पाहिलेलं कोणी असेल तर ते मान वर करूनच. आत बसलेला माणूस पंचक्रोशीत एकच, बोरीचा कापसाचा व्यापारी देवीलाल. तो एकदा कलकत्त्याला जाऊन आला होता आणि त्या एका फेरीवर त्याने पाच वर्षं गप्पा मारल्या होत्या. आम्ही त्याच्याकडेच गेलो. दुसरं कोणाकडे जाणार?

देवीलाल गादीवर लोळत होता. विमानाचं नाव काढताच उठून बसला.

"तिकीट कोनतं हाये? फर्स्ट का टुरिस्ट?" त्याने विचारलं.

मला काय ठाऊक! साहेबाने नोकराच्या माणसांसाठी काढलेलं तिकीट स्वस्तातलंच असणार, असं मी म्हणाले.

"मंग टुरिस्ट. पडद्यामांगची जागा. गुडघ्याले गुडघा लागते, पन पोचतो आपन. फर्स्टवाले पडद्यापुढं बसते. हात-हात रुंद खुर्ची, पाय ठेवाले फळी, शरबत. अन् खरा फरक वजनाचा हाये, सुखीबाई. टुरिस्टात लय कटकट. सामान तं सामान, मानसालेबी काट्यावर उभं करते. जास्त भरलं का उतरवते. फर्स्टवाल्याले कोनी इचारत नाही."

"उतरवते म्हंजे?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हंजे तुमी खाली अन् इमान वर."

आता सांगते, माझ्या सासूबाई अंगापिंडाने भरभक्कम. त्यात अंगावर आमचा सगळा साज. गळ्यात चांदीची हासळी, पायात वाळे, केसांत दोन्ही गालांवर लोंबणाऱ्या घुगऱ्या, घागऱ्यावर आरसे आणि कवड्या. आणि दोन्ही दंडांवर पांढरा हस्तिदंती चुडा. हे सगळं घालून त्या चालल्या की बैलजोडी आल्यासारखा आवाज यायचा. मी आपली काटकुळी. देवीलालने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मला पास करून टाकलं. सासूबाईंना मात्र त्याने कापसाच्या काट्याकडे बोलावलं.

त्या काट्यावर चढल्या. साखळ्या करकरल्या. तिकडून देवीलालचा हमाल वजनं टाकतोय, टाकतोय, आणि तरी सासूबाई जमिनीवरच. किलो तेव्हा नवे नवे आले होते. देवीलाल किलोत मोजायचा आणि शेरात घाबरवायचा.

"जमत नाही, बाई," तो म्हणाला.

सासूबाईंनी मुकाट्याने वाळे काढले. मग हासळी काढली. तीस वर्षांत तो गळा मी काय, कोणीच मोकळा पाहिला नव्हता. तिथली कातडी लहान पोरीच्या कातडीसारखी गोरी होती. 

"अजून जास्तच हाये," देवीलाल म्हणाला आणि त्याने दंडाकडे बोट केलं. "हे हाडकं कायले ठेवता? हेच काढा ना."

सासूबाई काट्यावरून अशा उतरल्या की पारडं हमालाच्या अंगावर जाता जाता राहिलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. देवीलालला काय कळणार! आमच्यात दंडावरचा चुडा लग्नात चढतो तो एकदाच उतरतो. नवरा चितेवर गेला की मगच. तो बायांनी काढायचा असतो, रडत रडत, आणि त्यानंतर तो दंड पुन्हा कधी भरत नाही. नवरा जिवंत असताना चुडा उतरवणं म्हणजे स्वतःच्या हाताने त्याला तिकडे ढकलणं.

"मी नाही काढनार," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "हंसा, नाही काढला तं मले उतरवतीन. त्याले शेवटचं पाहनं व्हनार नाही. काढला तं माह्या हातानं त्याले मारला. सांग, काय करू?"

मी सासूला याडीच म्हणायची. याडी म्हणजे आई. त्या आजवर मला हुकूम सोडत आल्या होत्या. काय करू, असं त्यांनी मला कधी विचारलंच नव्हतं. त्यांना घाबरलेलं पाहून माझ्या पोटात जी भीती शिरली ती मुंबईपर्यंत निघाली नाही. माझ्याही दंडावर चुडा होताच की!

"फर्स्टात कोनी इचारत नाही म्हनता ना?" मी देवीलालला विचारलं. "मंग याडीले फर्स्टात बसवा. हे चांदी घ्या अन् वरचे पैसे द्या."

देवीलालने हासळी आणि वाळे तोलले. भाव बरा दिला, खोटं कशाला बोलू? नागपूरला विमान कंपनीच्या हापिसात कोणाला सांगून तिकीट कसं बदलायचं, तेही समजावून दिलं. आणि जे वजन जड होत होतं तेच विकून आम्ही वजन चालणारी जागा घेतली, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तांड्यावर परतल्यावर सासूबाईंची नणंद लालीबाई म्हणाली, "सोन्यावानी चांदी इकून खुर्ची घेतली, बाप्पा!" तिला मी असं काही उत्तर दिलं की ती आमच्या दारातून उठूनच गेली.

मंगळवारी सकाळीच निघालो. त्याच वेळी तिकडे सासऱ्यांना टेबलावर घेतलं असणार. सासूबाई बसमध्ये खिडकीशी बसल्या आणि एका हाताने दुसरा दंड धरून राहिल्या.

यवतमाळच्या स्टँडवर बस बदलायची होती. तिथे मारेगावकडच्या कुठल्याशा तांड्याची एक बाई आमच्याकडे पाहत उभी होती. ओळख ना पाळख. तिची नजर सासूबाईंच्या मोकळ्या गळ्यावर गेली आणि मालक गेला समजून तिचा चेहरा पडला. ती जवळ आली, तोंड उघडलं, मग तिला चुडा दिसला. तशी ती मागे फिरली. बेचाळीस अंशांच्या उन्हात सासूबाईंनी ओढणीचा पदर गळ्याभोवती गुंडाळून घेतला.

"तिले काय दिसलं असंन?" त्यांनी विचारलं.

"काई नाही. आपलाच घागरा पाहत होती."

"मले आता सारेच पाहून राह्यले, हंसा. आरशात पाह्याचीबी हिंमत नाही व्हऊन राह्यली."

कळंबला बस थांबली तेव्हा त्यांनी देवळाच्या दिशेने हात जोडले. काय मागितलं ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. पुढे नागपूर येईपर्यंत त्या घोटभर पाणी प्यायल्या नाहीत. मी चिडले, विनवण्या केल्या, शेवटी मीही भाकरी तशीच बांधून ठेवली.

साहेबाच्या हापिसातून तिकिटं घेतली, विमान कंपनीच्या हापिसातल्या माणसाने त्यातलं एक बदलून दिलं. बुधवारी विमानतळावर खरंच एक काटा होता. तो पाहताच सासूबाई कोणी सांगायच्या आत त्यावर जाऊन उभ्या राहिल्या, डोळे मिटून, दोन्ही दंड हातांनी झाकून. जणू पोलिसासमोरच उभ्या होत्या.

"आई, तुम्ही नाही हो," तिथला बाबू म्हणाला, "तुमचं गाठोडं ठेवा."

गाठोड्यात एक जादा घागरा आणि कालची भाकरी. त्याने वजन लिहिलं आणि बोलावलं पुढच्याला. माझंही गाठोडंच तोललं, मी टुरिस्टातली असूनसुद्धा. चुड्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. देवीलाल त्या क्षणी समोर असता तर त्याला त्याच्याच काट्याला टांगला असता. पण सासूबाई मला म्हणाल्या, "पाह्यलं? फर्स्टाचं तिकीट होतं म्हून सुटलो." चांदी गेली ती गेली, आता तेवढं समाधान कशाला काढून घ्यायचं?

विमानात शिरलो ते पुढच्या दाराने. देवीलाल एवढं मात्र खरं बोलला होता. पुढे मोजक्या खुर्च्या, गुबगुबीत, डोकं टेकायला पांढरं कापड, पाय लांब सोडले तरी समोरच्याला लागू नयेत एवढी जागा. सासूबाईंना तिथे बसवलं, निळ्या साडीतल्या पोरीने त्यांच्या पोटावर पट्टा बांधला आणि मला पडद्यामागे नेलं. सासूबाईंनी माझा हात सोडला नाही. त्या पोरीने हसत हसत बोटं सोडवली.

मागे माझ्या गुडघ्यांना पुढची खुर्ची लागत होती आणि शेजारी एक जाडे गृहस्थ विमान सुरू व्हायच्या आधीच उलटीची पिशवी उघडून बसले होते. विमान उचललं तेव्हा माझं काळीज खालीच राहिलं. पंख्यांचा आवाज इतका की दात वाजत होते. खरं सांगते, मला पडायची भीती वाटली नाही. पडलो असतो तर निदान काही ऐकावं तरी लागलं नसतं. मी आपली पडद्याकडे बघत होते. पलीकडे त्या एकट्या होत्या. एवढ्या पैशांनी आम्ही त्यांना काय घेऊन दिलं, तर एकटं घाबरायची जागा.

मध्येच ती निळ्या साडीतली पोरगी आली. "तुमच्या सासूबाई काही खात नाहीत, शरबत नको म्हणतात. खुर्ची मागे करून देते म्हटलं तर तेही नको. बरं नाही का त्यांना?"

"त्यांच्या मालकाचं ऑपरेशन झालं काल," मी म्हणाले.

"कसे आहेत ते?"

"माहीत नाही."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेली.

मुंबईला उतरलो. आधी पुढचे लोक उतरणार, मग पडदा उघडणार आणि आम्ही. तोही फर्स्टाचा मान. पडदा सरकला तेव्हा मी लोकांच्या रेट्यात पुढे आले आणि पाहते तर सगळ्या गुबगुबीत खुर्च्या रिकाम्या आणि सासूबाई एकट्या बसलेल्या. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात आवळलेले. निळ्या साडीतली पोरगी शेजारी उभी होती, हताश होऊन.

"याडी, उठा ना. आलं मुंबई."

"तू जाय."

"तुमाले सोडून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हंसा, इथं आहो तोवर मी सवाशीन हावो. खाली उतरली का मले कोनी काय सांगन, ते मले माहीत नाही. साऱ्यात पयले मले उतरवत होते. पयले ऐकाले मी नाही जानार. तू पाहून ये."

मला कोणी विचारलं नव्हतं, मला पहिल्याने ऐकायचं आहे का म्हणून. पण त्या चेहऱ्याला नाही म्हणवेना. मी जिना उतरले.

बाहेर डोळे दिपवणारं ऊन. लांब कठड्यापलीकडे माणसांची गर्दी, त्यात मला हे दिसले. ड्रायव्हरची खाकी टोपी, पार कपाळापर्यंत ओढलेली. हात हलवत नव्हते. मला पाहूनही नाही. मी मध्येच थांबले. आमच्यात बाप गेला की थोरल्या पोराचं डोकं भादरतात. मिशी तर साहेबाला आवडत नाही म्हणून हे ठेवतच नसत. आता जे काही होतं ते त्या टोपीखाली होतं. पुढे जावं तर पाय उचलत नव्हते, मागे जावं तर त्या वर बसलेल्या. लोक मला धक्के देत पुढे जात होते.

ह्यांनी डोळे बारीक केले, माझ्या मागे आईला शोधलं. आई दिसली नाही तशी कपाळावर आठ्या आल्या. मग त्यांनी घाम पुसायला टोपी काढली.

मी त्यांच्याकडे गेलेच नाही. वळले आणि परत जिना चढले. घागरा पायात येत होता, वरून उतरणारे ओरडत होते, मी त्यांना कोपराने ढकलत गेले.

"याडी! केस हायेत! डोक्शावरचे सारेच्या सारे केस हायेत त्यांच्या!"

सासूबाईंचा सगळा देह गदगदा हलायला लागला. त्या उठायला गेल्या, आणि पट्ट्याने त्यांना पुन्हा खाली ओढलं.

"मंग बघत काय राह्यली?" त्या रडत रडत माझ्यावर खेकसल्या. "इचार ना त्या पोरीले, हे कसं सोडते!"