स्वतःचं मीठ

कॉरनशायर परगण्यात मतदार सातच, सगळे जमीनदार. आणि निवडणुकीच्या दिवशी स्कॉटलंडात बर्फ असं पडलं की चर्चच्या कळसावरचा कावळा जमिनीवर बसल्यासारखा दिसत होता. कचेरीत पोचला एकटा गिल्बर्ट अ‍ॅबरनेथी. तोही गाईच्या पाठीवर, कारण घोडा वाटेत कानांपर्यंत रुतला होता. गिल्बर्ट जमीनदार, पण पेशाने वकील होता. त्याला न्यायाधीश व्हायचं होतं, आणि तिकडची वाट पार्लमेंटातून जात होती.

"झालं की, वकीलसाहेब!" म्हातारा कारकून डुगल्ड म्हणाला. "उमेदवार तुम्ही, मतदार तुम्ही, सभेचे अध्यक्षही तुम्हीच. द्या मत नि चला घरी."

गिल्बर्ट उभा राहून मतदाराची शपथ वाचू लागला. 'आज मी कुठल्याही उमेदवाराचं खाल्लेलं-प्यायलेलं नाही...' तिथेच तो अडला.

"डुगल्ड, वाटेत मी माझ्या बाटलीतली व्हिस्की प्यालो."

"मग?"

"बाटली उमेदवाराची, घसा मतदाराचा."

"अहो, इथे बघतंय कोण?"

"उद्याचा न्यायाधीश बघतोय. मत बाद! सभा उद्या दुपारी बाराला."

खिंडीपलीकडे त्याचा प्रतिस्पर्धी, जमीनदार रानाल्ड, गडी लावून बर्फ उपसत होता. फावड्यांचा आवाज जवळ येत होता. गिल्बर्ट रात्रभर कचेरीतून हलला नाही, खिशातल्या स्वतःच्या चीजलाही त्याने हात लावला नाही. त्याच्या पोटातले कावळे असे ओरडले की कळसावरचा कावळा ओ देऊ लागला. सकाळी डुगल्डने घरून ओटची पेज आणली.

"आ करा. चमचासुद्धा माझाच आहे हं!"

बाराचे ठोके पडताना दार धाडकन उघडलं. रानाल्ड लालबुंद होऊन आत शिरला.

"काय रे गिल्बर्ट, सगळी निवडणूक एकट्यानेच गिळतोस? माझं मत मला!"

"आधी शपथ घे."

रानाल्डने तोंड उघडलं, आणि त्याच्या श्वासाने मेणबत्तीची ज्योत हातभर उसळली.

"कुणाची प्यालास?"

"माझी! रानाल्ड दुसऱ्याची पितो की काय?" रानाल्डने छाती ठोकली.

"उमेदवाराची प्यालास. मत बाद. पुढचा मतदार?" गिल्बर्ट टेबलाला वळसा घालून समोर उभा राहिला. "मी. पेज खाल्ली, कारकुनाची. मत अ‍ॅबरनेथीला."

"आणि असला माणूस उद्या आमचे निवाडे करणार!" रानाल्ड बाकावर कोसळला.

"करणार," गिल्बर्ट म्हणाला. त्याने खिशातलं चीज काढलं, बरोबर मधोमध मोडलं आणि अर्धं रानाल्डपुढे धरलं. "घे, खा. मतदान संपलं."