बाथरूम नसलेल्या घरातलं घसरणं

आमच्या डॉक्टर देवव्रतांचा एक सिद्धांत आहे. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत जी म्हातारी मांडीचं हाड मोडून घेते, ती बाथरूममध्येच घसरते. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चौदा बायका झाल्या. चौदाही ओल्या लादीवर, चौदाही सकाळी, चौदाही उजव्या कुशीवर पडल्या, आणि त्यातल्या पाचजणींचा मोडला डावा पाय. आता काय बोलायचं? एकीची हकीकत लिहायची आणि बाकी तेराजणींना चिकटवायची, ही त्यांची विद्या. वर नावापुढे डिग्र्या एवढ्या की शिक्का दोन ओळींचा करावा लागला.

मी नीलम. तळमजल्यावर रेकॉर्ड रूममध्ये कोडिंग करते. पेशंट घरी जायच्या आधी त्याची फाईल वाचायची आणि डॉक्टरांनी जे लिहिलंय त्याला ठरलेला कोड द्यायचा, एवढंच काम. मांडीचं हाड पडून मोडलं तर एस बहात्तर. हाडच आतून ठिसूळ होऊन मोडलं तर कोड वेगळा. पण डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर तो मी आपल्या मनाने टाकायचा नाही, मला दिसत असला तरी. फार तर क्वेरी टाकायची, म्हणजे कॉम्प्युटरवरून डॉक्टरांना अदबीने प्रश्न विचारायचा. अकरा वर्षं मी अदबीने विचारतेय.

ऑक्टोबरमध्ये चंपाबाईंची फाईल आली. वय अडुसष्ट, घाटकोपरच्या टेकडीवर घर, उजव्या मांडीत सळी घातलेली. डिस्चार्जच्या कागदावर नेहमीचंच, बाथरूममध्ये घसरून. पण त्याच फाईलमध्ये फिजिओथेरपीच्या पोरीचा कागद होता. घरी गेल्यावर बाई चालणार कशी, हे बघायला तिने विचारून लिहिलं होतं: घरात बाथरूम नाही, मोरी आहे, संडास टेकडीखाली. पुढे लिहिलं होतं, मोडायच्या आधी महिनाभर उजवी मांडी दुखत होती, आता डावी दुखते. आणि औषधांच्या यादीत हाडं मजबूत करायची आठवड्याची गोळी होती, सलग नऊ वर्षं.

माझ्या मनात पाल चुकचुकली. ही गोळी फार वर्षं घेतली की काहीजणींचं मांडीचं हाड उलट ठिसूळ होतं. बाई नुसती उभी असताना मोडतं, आणि मागोमाग दुसऱ्या पायाचा नंबर लागू शकतो. अशा वेळी गोळी थांबवतात आणि दुसऱ्या मांडीचा एक्स-रे काढतात. हे मला, बीएस्सी झालेल्या बाईला, माहीत आहे. इथे डाव्या पायाचा एक्स-रे नव्हता आणि गोळीपुढे लिहिलं होतं, चालू ठेवा.

मी वॉर्डात गेले. चंपाबाई उशीला टेकून बसल्या होत्या.

"मावशी, पडलात कशा?"

"पडले कुठं? कपडे वाळत घालत उभी होते. आधी मांडीत कट्‌ झालं, मग खाली आले. डॉक्टरला सांगितलं, तर म्हणतात, शेवटी पडलात ना?"

"डावी दुखते?"

"दुखते की. जिना चढताना लई. तुम्ही लिहून घेता ना हे?"

"घेते," मी म्हटलं.

खाली येऊन क्वेरी टाकली. सगळं व्यवस्थित मांडलं, गोळी, दुखणं, डावा पाय. दहा मिनिटांत उत्तर आलं: पडली आहे. बंद करा. मी दुसरी टाकली. यावेळी फोन आला.

"मॅडम, तुम्ही हाडं बघता की कोड?"

"कोडच बघते, सर. चौदा बायका आणि एकच बाथरूम, एवढंच दिसलं."

त्यांनी फोन आपटला आणि पाच मिनिटांत आमचे साहेब चंद्रप्रकाश टेबलापाशी हजर. हा माणूस देवव्रतांसाठी लिफ्ट थांबवून धरतो, त्याच्याकडून काय अपेक्षा करायची? "नीलम, यार, तू कशाला डोकं लावतेस? जे लिहिलंय ते कोड कर. लिहिलं नाही ते घडलंच नाही. दोन क्वेरी झाल्या, विषय संपला."

मी एस बहात्तर टाकला आणि फाईल बंद केली. एकदा मनात आलं, वर जाऊन बाईंना सांगावं. पण पेशंटशी औषधाबद्दल आपण बोलायचं नसतं, तो नियम मला तोंडपाठ आहे. मी डबा धुतला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तो किस्सा असा रंगवून सांगितला की लॅबमधली मनाली हसून हसून चहा सांडायची बाकी राहिली. पुढे महिनाभर देवव्रत लांबून दिसले की कोणीतरी म्हणायचं, लादी ओली आहे रे, जपून. मला झकास वाटायचं. आपण त्या गाढवाला कसं ओळखून आहोत, म्हणून.

फेब्रुवारीत चंपाबाईंची फाईल परत आली. डावी मांडी. बाथरूममध्ये घसरून, उजव्या कुशीवर.

मी वर गेले. जिना चढताना देवव्रतांना शिव्या घालत गेले, चंद्रप्रकाशच्या सात पिढ्या काढल्या. चंपाबाई आडव्या होत्या, तोंड सुकलेलं. जवळच्या टेबलावर आमचाच ऑक्टोबरचा कागद चौघडी करून ठेवलेला, वर त्या गोळीचं पाकीट. रविवारची गोळी एकदाही चुकवली नाही, असं त्यांनी मी न विचारताच सांगितलं. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांचा चेहरा जरा खुलला.

"त्या लिहून घेणाऱ्या बाई ना तुम्ही? बरं झालं आलात. तेव्हा तुम्ही एकट्यांनीच नीट विचारलं होतं मला. दिवाळीनंतर हा पाय फार ठणकायला लागला. पोरगा म्हणाला, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. मी म्हटलं, कशाला, त्या बाईंनी सगळं लिहून घेतलंय. काही असतं तर त्यांनी सांगितलं असतं."