मित्राची पाण्याखालची खोली

चौसाळ्यात हायवेच्या अलीकडं आश्रुबाचं घर. मुलगा भारत जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, सून मुक्ता उपकेंद्रात नर्स. दोघांनी मिळून घराच्या मागं दहा बाय दहाची एक खोली काढली आणि ती आठ वर्षांच्या लेकीला, संघमित्राला देऊन टाकली. घरात तिला सगळे मित्रा म्हणत. भिंती उभ्या राहिल्या, वर पत्रे चढले, आणि तेवढ्यात दुष्काळ आला. गिलाव्याला पाणी कुठलं? दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात प्यायला टँकरवर निभत होतं. विटा तशाच उघड्या राहिल्या.

लेकराची स्वतःची खोली ही आश्रुबाच्या खानदानातली पहिलीच. खोली कशी सजवायची असं मुक्तानं विचारलं, तर मित्रा म्हणाली, पाण्याखालची. चित्रांच्या पुस्तकात तिनं समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या राणीचा महाल पाहिला होता. तसाच पाहिजे. भारतला हसू आलं. गावात आठव्या दिवशी टँकर, आणि पोरीला घर पाण्यात पाहिजे. मुक्ता मात्र हसली नाही. टाकाऊ वस्तूंतून खोल्या सजवणाऱ्या बायकांचे व्हिडिओ ती मोबाइलवर कधीमधी बघायची. तिनं मनावर घेतलं.

दर रविवारी ती बीडला जायची आणि भंगारच्या दुकानांतून काहीबाही घेऊन यायची. मोसंबीच्या बागा जळून गेल्या होत्या, त्यामुळं ठिबकच्या नळ्या किलोवर मिळत होत्या. त्या तापवून, वाकवून तिनं भिंतीवर पाणवनस्पती चढवल्या. बंद पडलेल्या रोपवाटिकेची हिरवी जाळी छताखाली ताणली. जुन्या सीडी अर्ध्या एकमेकींवर चढवून एक भलामोठा मासा केला. उन्हाची तिरीप आली की त्याचे खवले चमकायचे आणि सगळ्या खोलीत रंगीत ठिपके पळायचे. निळ्या साड्यांच्या लाटा झाल्या, फुटक्या बांगड्यांचे शिंपले झाले.

आश्रुबा हे सगळं दारात खुर्ची टाकून बघायचा. वय बहात्तर. तालुक्याच्या दूध संघाच्या शीतकरण केंद्रात त्यानं एकतीस वर्षं काढली होती, त्यामुळं पाना आणि पक्कड हातात आली की अजून बोटं आपोआप चालायची. संघ आता बंद होता. चारा संपला, जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, आणि आधीच लंगडणारा संघ जो बसला तो उठलाच नाही. पण घरी बसून आश्रुबा रिकामा नव्हता. सुनेला खिळे ठोकून देत होता, नळ्या धरून देत होता. खोली त्यालाही आवडायला लागली होती.

मग एक दिवस दुपारी हातगाडी आली.

मुक्ता ड्यूटीवर, भारत शाळेच्या कामाला. घरात आश्रुबा आणि मित्रा दोघंच. गाडीवर एक सागवानी पलंग होता, लहान मुलांच्या मापाचा, डोक्याकडं कोरलेले दोन मोर. मित्रा धावत बाहेर गेली आणि मोरांवरून हात फिरवायला लागली. आश्रुबानं विचारलं, कुठनं आणला. गाडीवाला म्हणाला, विरुपाक्षअप्पांच्या घरून. अप्पांचं किराणा दुकान पेठेत होतं, आणि त्यांच्या पत्नी शांतादेवींची साखर तपासायला मुक्ता जायची, हे आश्रुबाला ठाऊक होतं.

"जुना झालाय, कुनी वापरत न्हाई," गाडीवाला म्हणाला. "म्हनून दिलाय तुमच्या लेकराला."

आश्रुबा उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही. "माघारी न्हे," एवढंच तो म्हणाला.

गाडीवाल्याला वाटलं, म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नसेल. त्यानं पुन्हा सांगितलं. आश्रुबानंही पुन्हा तेच सांगितलं आणि मित्राचा हात पलंगावरून काढला. पोरगी रडली नाही. आजोबांकडं एकदा बघून आत गेली आणि दार लोटून घेतलं.

गेवराईच्या अंगाला, गोदावरीकाठच्या एका गावात आश्रुबाचं लहानपण गेलं होतं. आई पारूबाई एका मोठ्या घरचं अंगण झाडायची. सणासुदीला त्या घरची माणसं ओट्यावर उभी राहून जुने कपडे खाली टाकायची, आणि पारूबाई ते पदरात झेलायची. हातात हात लागू नये म्हणून वरून टाकायचे. अशाच एका दिवाळीला तिच्या पदरात लाल लोकरीचा कोट पडला. पितळी गुंड्या, एक तुटलेली. आश्रुबाच्या अंगाला तो बरोबर बसला. उन्हाळ्यातसुद्धा तो अंगातून काढायचा नाही. तो घालून गुरांमागं फिरताना आपण कुणीतरी सरदार आहोत असं त्याला वाटायचं.

छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली आणि पुढच्या वर्षी त्यांच्या वस्तीनं घेतली. त्या दिवशी बाप म्हाळू घरात शिरला आणि दुसऱ्यांच्या अंगावरून उतरलेलं जेवढं म्हणून घरात होतं तेवढं गोळा केलं. लुगडी, गोधडीसाठी ठेवलेल्या चिंध्या, फाटकी वहाण, आणि तो कोट. सगळं नदीवर नेलं. आश्रुबा मागोमाग गेला. कोट पाण्यावर पसरला, थोडा वेळ तरंगला आणि खाली गेला. आजपासनं कुणाचं उतरलेलं अंगाला लावायचं नाही, असं म्हाळूनं काठावरच सांगितलं. पुढं चार महिन्यांनी त्यानं पोराला मांजरपाटाचा कोरा सदरा शिवून दिला. तो कडक होता आणि गळ्याला टोचायचा. आश्रुबानं तो विटेपर्यंत घातला आणि बापाचा शब्द जन्मभर पाळला.

पण कोटासाठी आपण आठ दिवस रडलो होतो, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बापाला तर नाहीच.

संध्याकाळी मुक्ता घरी आली तेव्हा तिला पेठेतच सगळं कळलेलं होतं. तिनं हातपाय धुतले, चहा ठेवला, सासऱ्याच्या हातात कप दिला आणि समोर बसली.

"मामा, लोकाचं जुनं म्हनून तुमाला राग आला असंल तर मग ह्या नळ्या कुनाच्या? साड्या कुनाच्या?"

"त्या आपन इकत घेतल्या. हातात धरून, पसंत करून."

"पलंगबी मीच पसंत केलता. काकूंनी इचारलं, मी हो म्हनलं. मी मागाया गेलते न्हाई."

आश्रुबानं कप खाली ठेवला. मग त्यानं तिला ओट्यावरून पडणाऱ्या कपड्यांची आणि म्हाळूनं नदीत सोडलेल्या गाठोड्याची गोष्ट सांगितली. कोटाचं नाव काढलं नाही.

"माझ्या आज्जीनंबी झेललेत," मुक्ता म्हणाली. "मला हे नवीन न्हाई, मामा. पर शांताकाकूनं वरून टाकलं न्हवतं. आन आज दारात लेकरू हुतं. तिला काय दिसलं आसंल?"

दुसऱ्या दिवशी मित्रा खोलीत जमिनीवर सतरंजी टाकून बसली होती आणि माशाचा एक निघालेला खवला चिकटवत होती. तो दारात आला तेव्हा तिनं वर न बघता विचारलं, "आबा, तुमाला माझी खोली आवडत न्हाई का?"

तो आवडते म्हणाला. पण त्याच्या म्हणण्यावर तिचा विश्वास बसलेला दिसला नाही, आणि त्याला तिथं उभं राहवेना. टोपी घातली आणि तो निघाला. पाय कुठं नेतायत याचा विचार त्यानं केला नव्हता, पण ते शीतकरण केंद्राच्या रस्त्याला लागले.

केंद्राची यंत्रसामग्री लिलावात गेल्याचं त्याला ठाऊक होतं. बीडच्या बद्रीनाथ नावाच्या व्यापाऱ्यानं ती घेतली होती आणि आठ दिवसांपासून तिथं तोडणी चालली होती. आपण ते बघायला जायचं नाही असं आश्रुबानं ठरवलं होतं. आता तो फाटकात उभा होता. दुधाची मोठी टाकी आडवी पाडून गॅसनं कापत होते. जिथं पहाटेपासून कॅनचा खडखडाट असायचा, गावोगावच्या सोसायट्यांचे टेंपो रांगेत लागायचे, तिथं आता वाळलेलं गवत होतं.

टाकीच्या पोटाला एक गोल काच होती, जाड, स्टीलच्या कड्यात बसवलेली. आत दूध किती आहे ते त्यातून दिसायचं. रोज पाळी सुरू झाली की आश्रुबा ती पहिल्यांदा पुसायचा. ती अजून टाकीलाच होती. त्यानं कापणाऱ्याला थांबायला सांगितलं आणि बद्रीनाथला विचारलं, ही काच विकणार का.

बद्रीनाथ चाळिशीचा, बोलायला रांगडा माणूस. काच कशाला पाहिजे म्हणून त्यानं विचारलं. आश्रुबानं नातीच्या खोलीचं सांगितलं, तिथं खिडकी करतो म्हणाला. मग एकतीस वर्षं इथं होतो, रोज ही काच पुसायचो हेही सांगितलं, खरं तर ते सांगायचं त्याच्या मनात नव्हतं. बद्रीनाथ उठला. स्वतः पाना घेतला आणि एकेक बोल्ट सोडवायला लागला. बोल्ट गंजलेले होते, तेल सोडावं लागलं, अर्धा तास गेला. काच निघाल्यावर ती गोणपाटात गुंडाळली आणि त्यानं आश्रुबाच्या हातात दिली.

"पैशाचं काडू नका, काका," तो म्हणाला. "पुसली तुमी, घेऊन जावा."

आश्रुबाचा हात खिशाकडं गेलेला होता. नाही म्हणायला त्यानं तोंडही उघडलं होतं. पण बद्रीनाथच्या बोटाला बोल्टानं लागलं होतं आणि तो ते पँटला पुसत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर दान दिल्यासारखं काहीच नव्हतं. आश्रुबानं काच घेतली. दुसऱ्याचं फुकट घेतलेली ही त्याच्या हिशोबानं सत्तावन सालानंतरची पहिली वस्तू. ती छातीशी धरून तो घराकडं गेला नाही. पेठेत गेला.

शांतादेवी दुकानामागच्या सोप्यात डाळ निवडत बसल्या होत्या. त्याला बघून त्या गडबडल्या, उठल्या, त्याला खुर्ची दिली. आश्रुबा बसला आणि आडवळण न घेता म्हणाला, "वहिनी, पलंग मी माघारी लावला. तुमचं कायबी चुकलं न्हाई. चूक जुनी हाय, तुमच्या-माझ्या आधीची."

शांतादेवींनी सूप बाजूला ठेवलं. त्यांनाही रात्रभर हेच डाचत होतं, असं त्यांनी सांगितलं. मग थांबून, हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या सासूबाई वरून टाकायच्या. मी नवी नवरी हुते तवा. मी बघितलंय, भाऊ. काय बोलले न्हाई तवा."

दुकानात कुणीतरी गूळ मागत होतं. शांतादेवींनी आतून चहा आणला, एक कप त्याला दिला, एक स्वतः घेतला. पलंग मात्र आता नव्हता. परत आला म्हणून अप्पांनी तो सकाळीच युसूफ वडगावला, मेव्हणीच्या घरी पाठवून दिला होता. सांगताना शांतादेवींना वाईट वाटलं. आश्रुबालाही वाटलं. ते मोर मित्राला आवडले होते, आणि आता त्याला काही इलाज नव्हता.

घरी येऊन त्यानं मित्राला जवळ बसवलं. पलंग गेला हे सांगितलं, आणि तो आपल्यामुळं गेला हेही सांगितलं. त्याच्या मागं काय होतं हे आठ वर्षांच्या पोरीला किती सांगावं, याचा त्याला अंदाज येईना. शेवटी त्यानं लाल कोटाची गोष्ट सांगितली. झेलण्याची सांगितली, नदीची सांगितली, आणि आपण आठ दिवस रडलो तेही सांगितलं. स्वयंपाकघराच्या दारात मुक्ता पीठ लागल्या हातांनी उभी राहून ऐकत होती.

मित्रानं विचारलं, "मग तुमचे वडील वाईट हुते का?"

"न्हाई बाई. लई चांगले हुते."

"आन कोट?"

"त्योबी चांगला हुता," आश्रुबा म्हणाला.

पुढचे पंधरा दिवस तो खोलीतच होता. विटांच्या भिंतीत गोल भोक पाडून त्यानं काच बसवली. दुधाचे क्रेट ठेवायची लोखंडी मांडणी बद्रीनाथकडून वजनावर विकत आणली, ती कापून, वेल्डिंग करून पलंग उभा केला. मोर त्याला जमले नाहीत. मित्रानं मोरांऐवजी खेकडा मागितला, तर त्यानं पत्र्याचा खेकडा केला. त्याची एक नांगी दुसरीपेक्षा लांब झाली. तो तसाच राहू द्या, असं मित्रानंच सांगितलं.

शांतादेवी खोली बघायला आल्या तेव्हा आडवं ऊन गोल काचेतून आत येत होतं. त्या उंबऱ्याजवळ थबकल्या. मित्रानं त्यांना सांगितलं, इथं चालत येत नसतात, पाणी आहे, पोहत यावं लागतं. शांतादेवी अंगानं थोराड, गुडघे दुखणारे. त्यांनी मुक्ताकडं बघितलं. मग त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी पाणी मागं सारत सावकाश आत गेल्या. त्यांच्या मागून आश्रुबाही तसाच हात मारत गेला, आणि दोघं खेकड्याच्या पलंगावर शेजारी शेजारी, दम खात बसली.